माझ्या साडूचे बारा गुण

आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. माझ्या साडूचं ड्रायव्हिंग लायसन्स जावं असं मला मनापासून वाटत होतं. जाईल अशी भीती वाटत होती असं नव्हे. जावं, असंच वाटत होतं. आणि हे अशा माणसाबद्दल, ज्याच्याइतका सगळ्यांना हवाहवासा वाटणारा ड्रायव्हर लीड्समध्येच काय, उभ्या यॉर्कशरमध्ये सापडायचा नाही. तो गाडी फार चांगली चालवतो अशातला भाग नाही. गाडी तो जेमतेमच चालवतो. पण त्याच्या गाडीत बसायला माणसं रांग लावतात आणि माझ्या गाडीत बसायच्या आधी घड्याळ बघतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हे नातं मुळात तुलनेसाठीच तयार केलेलं असावं. मित्र आपण निवडतो, भाऊ बरोबर वाढतो, साडू मात्र एके दिवशी तुमच्या शेजारी आणून उभा केला जातो, आणि मग सासरची मंडळी एक पाऊल मागे सरून दोघांकडे नीट बघून घेतात. त्या बघण्यात मी हरेन असं मला कधी वाटलं नव्हतं. मी भूलतज्ज्ञ आहे. शाळेत पहिला, मेडिकलला मेरिटमध्ये, इथे आल्यावरही सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात. साडूला दहावीला गणितात पस्तीस होते, आणि तेही पेपर तपासणाऱ्याच्या घरी त्या दिवशी मंगलकार्य असणार म्हणून मिळाले, असं तो स्वतःच जेवणाच्या टेबलावर सांगतो. पुढे डिप्लोमा करून तो डायलिसिसची मशिनं दुरुस्त करायला शिकला आणि गेली कित्येक वर्षं लीड्स, हल, यॉर्क, शेफील्ड असा हॉस्पिटलं हिंडत असतो. हॉस्पिटलात मी पेशंटला झोपवतो आणि तो मशीनला उठवतो, हा त्याचा विनोद मी निदान शंभरदा ऐकला आहे. लोक दर वेळी हसतात. मी बोललो की लोक मान डोलावतात.

त्याची गाडी म्हणजे एक लाल, लांबट, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली इस्टेट कार, जिला गाडी म्हणण्यापेक्षा फिरती अडगळीची खोली म्हणणं जास्त बरोबर. मागे हत्यारांची पेटी, तिच्यावर मंडळाच्या चार घडीच्या खुर्च्या, त्यांच्यावर गणपतीचा पाट, आणि कुणाला थंडी वाजली तर म्हणून एक जुना कोट, जो आजपर्यंत निम्म्या मराठी लीड्सनं घातलेला आहे. पुढच्या कप्प्यात चकलीचा डबा. भारतातून नुकती आलेली नर्स असो की कुणाचे गुडघे दुखणारे वडील, विमानतळावर आणायला हाच जातो आणि माणूस घरी पोचेपर्यंत त्याचं सगळं खानदान याला पाठ झालेलं असतं. वाट देणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो हात करतो. वाट न देणाऱ्यालाही करतो. "त्याला पुढच्या वेळी आठवेल," म्हणतो. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघूनच बोलावं हा त्याच्यावर झालेला संस्कार इतका पक्का आहे, की मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलतानाही तो सोडत नाही. आणि गातो. गळा गोड आहे, हे मान्य करताना मला त्रास होतो, पण आहे. अडचण एवढीच की त्याचा उजवा पाय गाण्याच्या लयीला बांधलेला आहे. विलंबित चालू असेपर्यंत शाळेसमोरून जायलाही हरकत नाही. द्रुत लागली की गाडीही द्रुत होते, आणि तराण्याच्या वेळी मी डोळे मिटून घेतो.

आता इथली पद्धत सांगायला हवी. या देशात वाहतुकीचा नियम मोडला की नुसता दंड भरून सुटका होत नाही, लायसन्सवर पॉइंट पडतात. वेग ओलांडला, बहुतेक वेळा तीन. लाल दिव्यातून गेलात, तीन. तीन वर्षांच्या आत बारा जमले की कोर्टात उभं राहायचं, आणि काही फारच मोठी अडचण पटवून देता आली नाही तर निदान सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. नव्यानं लायसन्स मिळालेल्यांना तर पहिल्या दोन वर्षांत सहाच पुरतात. थोडक्यात, ही उलटी परीक्षा आहे, जितके कमी तितका विद्यार्थी हुशार. या परीक्षेतही मी पहिलाच आहे. माझं लायसन्स कोरं आहे. ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर मी अठ्ठावीसनं जातो, आरसे बघतो, आणि माझ्या गाडीत माझी बायको हमखास झोपते. मुलगी इथेच वाढली. ती म्हणते, "बाबा, तू गाडीत पण भूल देतो. काकाचा गाडी बघ, कसा मस्त आहे." गाडीचं लिंग मी सुधारतो. मतं सुधारता येत नाहीत.

साडूला पहिल्यांदा कॅमेऱ्यानं पकडलं तेव्हा त्याला पॉइंटच्या ऐवजी क्लासला बसायची सवलत मिळाली. थोडाच वेग जास्त असेल तर अशी मिळते. वेग का वाईट हे तिथे समजावून सांगतात. लोक तिथे खाली मान घालून बसतात. हा पहिल्या रांगेत बसला, प्रश्न विचारले, मधल्या सुट्टीत शिकवणाऱ्या बाईंना चकली दिली आणि घरी येऊन म्हणाला, "साडूभाऊ, काय सुंदर शिकवतात हो. मला शाळेत अशा बाई असत्या तर आज मीही डॉक्टर असतो." पुन्हा जाता येईल का, याची त्यानं चौकशी केली. तीन वर्षांतून एकदाच, असं कळल्यावर त्याला खरंच वाईट वाटलं. त्यानंतर मात्र पॉइंटच पडत गेले. तीन पडले हापूसच्या पेट्या घेऊन येताना, कारण आंब्यांचा वास चढला होता आणि गाणंही चढलं होतं. तीन लाल दिव्यात, कारण तेव्हा तो मागे बसलेल्या आजोबांना शेफील्डच्या चाकूसुऱ्यांचा इतिहास सांगत होता. तीन यॉर्कहून येताना, एकटा असताना, आणि त्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाला, "तराणा." नऊ झाले, आणि मी मनातल्या मनात मोजायला लागलो.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. सासूबाईंचा सगळा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. पहिल्याच रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते आणि मुलगी म्हणाली, "आजी, काकाला नऊ पॉइंट्स आहेत."

"नऊ गुण?" सासूबाईंनी पोळीचा घास खाली ठेवला. "कशात?"

"ड्रायव्हिंगमध्ये."

"किती पैकी?"

"बारा."

सासूबाईंनी क्षणभर हिशेब केला. "पंचाहत्तर टक्के. म्हणजे डिस्टिंक्शन." मग माझ्याकडे वळून, "आणि थोरल्या जावईबापूंना?"

"शून्य," माझी मुलगी म्हणाली.

नापास मुलाच्या पालकांशी बोलताना आणतात तसा आवाज आणून सासूबाई मला म्हणाल्या, "असू दे हो. प्रयत्न सोडू नका. काहींना उशिरा जमतं." माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून बराच वेळ नळ वाहत राहिला. मी खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात साडूनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. नंतर भांडी लावताना हळूच म्हणाला, "साडूभाऊ, आईंना सांगू नका ना खरं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मार्कांवर कुणीतरी खूश झालंय." मी सांगितलं नाही. बोलायचं नाही, ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगलीला फोन करून धाकट्या जावयाची डिस्टिंक्शन कळवली, आणि त्याच्या आवडीचा शिरा केला. मलाही वाटीभर दिला, उत्तेजनार्थ.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मुलीला गाडी शिकायची होती. क्लास लावला होता, पण रोजच्या सरावाला शेजारी कुणीतरी बसायला हवं. मी आनंदानं तयार झालो. तीन दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, रागावू नकोस हं. तू बाजूला बसलास की मला एक्झॅममध्ये असल्यासारखं होतं. काका बसला तर चालेल?" म्हटलं, चालेल. मग रोज संध्याकाळी माझी मुलगी, माझी गाडी आणि माझा साडू असे निघायचे आणि मी खिडकीत उभा राहायचो. मला वाटायचं, हा तिला काय शिकवणार, तराणा? पण परतताना खिडकी उघडी असली की ऐकू यायचं. "माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ. मी बोलतोय, मी मूर्ख आहे." पहिल्याच टेस्टला ती पास झाली. गळ्यात पडली ती आधी त्याच्या.

या सगळ्या कारभारात माझं एकच काम होतं. त्याच्या गाडीत पुढे बसलो की मी कॅमेरे सांगायचो. रस्ते, वेगाच्या पाट्या, नवे खांब हे मला आपोआप पाठ होतात. एरवी मी गप्प असतो, पण खांब जवळ आला की म्हणायचो, "पुढे कॅमेरा आहे." की हा गाणं तिथेच धरून पाय उचलायचा आणि खांब मागे गेल्यावर समेवर यायचा. लोकांना सांगायचा, "माझं लायसन्स साडूभाऊंच्या जिभेवर टिकून आहे." आणि ते खरंच होतं. मेहुणीनं जन्मात कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं. त्याची नोकरी चाकांवर होती. लायसन्स गेलं तर हल आणि यॉर्कची मशिनं दुसऱ्या कुणाला तरी जाणार, हे त्याच्या कंपनीनं त्याला एकदा स्पष्ट सांगितलेलं होतं, आणि ते त्यानं फक्त मला सांगितलं होतं.

सासूबाई परत जायच्या दिवशी दोन्ही गाड्या दारात उभ्या होत्या. कुणाच्या गाडीतून जायचं याची चर्चा व्हायचं कारणच नव्हतं. "थोरले जावईबापू सांभाळून नेतील," सासूबाई म्हणाल्या, "पण विमान थांबायचं नाही." सगळे हसले, मीही हसलो. बायकोनं आणि मेहुणीनं दारातच निरोप घेतला. मागे सासूबाई आणि बॅगा, पुढे साडू आणि मी. भर दुपार होती. रिंग रोडला लागेपर्यंत साडूनं काहीतरी सावकाश आळवायला घेतलं होतं आणि सासूबाई मागून ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "मला मुलगा नाही, याचं वाईट वाटायचं पूर्वी. तुमच्यामुळे ते गेलं बरं का."

साडू लगेच म्हणाला, "आई, पुढे दोघं बसलेत हं."

"हो हो," सासूबाई म्हणाल्या. "तेही आहेतच."

एवढंच. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. वयस्कर बाई, घर सोडून निघालेली, मनात आलं ते बोलली. पण मला आतून काहीतरी तिखट लागलं. साडू खूश झाला होता, आणि खूश झाला की तो द्रुत घेतो. रिंग रोडचा तो पट्टा माझ्या रोजच्या हॉस्पिटलच्या वाटेवरचा. पूर्वी तिथे चाळीस होतं. नुकतंच तीस केलं होतं, आणि वळण संपतं तिथे झाडाच्या आडोशाला नवा पिवळा खांब उभा राहिला होता. तेव्हापासून साडूचं त्या बाजूला जाणं झालं नव्हतं. सकाळी चहाच्या वेळीच त्याला सांगून ठेवायचं माझ्या मनात होतं, राहून गेलं होतं. आता खांब दिसला. तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, जिभेवर आलेलं होतं. मी ते परत गिळलं.

मागे दोनदा लखलखलं.

"फोटो काढला का कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

साडूनं आरशात बघितलं, मग एक क्षण माझ्याकडे बघितलं. मी समोरचा रस्ता बघत होतो. "हो आई," तो म्हणाला. "निघताना आठवण म्हणून." आणि त्यानं गाणं पुन्हा धरलं. विमानतळापर्यंत विलंबितच होतं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. गाडी कोण चालवत होतं, असं त्याला विचारणारं पत्र आलं, त्यानं स्वतःचं नाव कळवलं. क्लासची सवलत आधीच वापरून झालेली. बारा झाले. त्याला कोर्टात नेलं मीच. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेत निकालाला जावं तसा आला होता. लायसन्स गेल्यानं काही विशेष हाल होणार आहेत का, असं तिथे विचारतात. सगळे आजारी आई, लहान मुलं, नोकरी असं काही ना काही सांगतात, आणि याच्याकडे तर नोकरीचं खरंखुरं कारण होतं. तो म्हणाला, "मला फार नाही होणार. माझ्या साडूला होतील. मला सगळीकडे त्यालाच न्यावं लागेल, आणि तो बिचारा अठ्ठावीसनं चालवतो." मॅजिस्ट्रेट बाई हसू दाबत होत्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठून उभं राहता आलं असतं का, उभं राहून मी काय बोललो असतो, आणि त्यानं काही फरक पडला असता का, याचा विचार मी अजूनही अधूनमधून करतो. सहा महिने बंदी. बाहेर आल्यावर विचारलं, नोकरीचं का नाही सांगितलंस? म्हणाला, "गेलो तर जोरातच होतो ना, साडूभाऊ. त्यात मशीनवरच्या पेशंटांना कुठे मध्ये आणू?"

सांगलीला फोन त्यानंच केला. स्पीकरवर सासूबाईंचा आवाज भरून आला होता. "बारा? अहो, पैकीच्या पैकी. मराठीत कुणाला मी आजवर दिले नाहीत."

कंपनीनं त्याला वर्कशॉपमध्ये बसवलं. आमच्या हॉस्पिटलात मशिनं बघायला एक अबोल, नीटनेटका गृहस्थ यायला लागला. एके दिवशी डायलिसिसच्या सिस्टरनं मला जिन्यात थांबवून विचारलं, "तो गाणारा कुठे गेला?" त्या हॉस्पिटलात मी इतकी वर्षं आहे, पण मी सुट्टीवर गेलो तर कुणी जिन्यात थांबून माझी चौकशी करेल असं मला वाटत नाही. इतकं सगळं केल्यावरही मला तेव्हा त्याचा हेवाच वाटला, हेही लिहून ठेवतो.

त्या सहा महिन्यांत मीच त्याला हिंडवलं. भाजीला, मंडळाला, विमानतळावर माणसं आणायला. आणि एक नवल झालं. माझ्या गाडीत बसायला रांग लागायला लागली. गाडी माझी, पेट्रोल माझं, हात माझे, पण शेजारी तो होता, त्यामुळे घड्याळ कुणी बघेना. अठ्ठावीसनंच जात होतो. मागे माणसं गात होती. बायको जागी राहायला लागली. आणि साडूनं माझं काम उचललं होतं. खांब आला की तो म्हणायचा, "साडूभाऊ, पुढे कॅमेरा आहे." माझ्याच आवाजात, माझ्यासारखंच तुटक. मी कधी तिसाच्या वर गेलेलो नसायचो, तरी सांगायचा.

एका शनिवारी आम्ही दोघंच त्या रिंग रोडवरून चाललो होतो. तेच वळण, तेच झाड. "साडूभाऊ, पुढे कॅमेरा आहे."

"माहितेय मला," मी जरा तोडूनच म्हणालो.

"माहीत तर असतंच हो तुम्हाला," तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बघत त्यानं चकलीचा डबा माझ्यापुढे धरला. "तरी सांगावं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिथेच गाडी बाजूला घेतली असती आणि सगळं बोलून मोकळा झालो असतो. मी चकली घेतली.

आता त्याला नवं लायसन्स मिळालं आहे. इथे बाराची शिक्षा भोगून झाली की ते जुने पॉइंट मोजणीतून जातात, माणूस पुन्हा शून्यावर येतो. "आई, आता मी आणि साडूभाऊ सारखे झालो," त्यानं फोनवर सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "होईल हो पुन्हा चांगलं." पण हलची आणि यॉर्कची मशिनं त्या अबोल गृहस्थाकडेच राहिली. साडू वर्कशॉपमध्येच असतो आणि तिथे यंत्रांच्या आवाजात गाणं कुणाला ऐकू जात नाही, असं मेहुणी सांगते. शनिवारी लाल गाडी दारात येते, मी पुढे बसतो आणि सगळे कॅमेरे सांगतो, एकही सोडत नाही. तो पाय उचलतो आणि म्हणतो, "साडूभाऊ बोलले."

ते वळण आलं की मात्र त्याचा पाय मी बोलायच्या आधीच उचललेला असतो. त्याला माहीत आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. त्या दुपारचं "पुढे कॅमेरा आहे" हे वाक्य मी त्याला देणं लागतो, आणि ते का गिळलं हे त्याच्याकडे बघून सांगणंही.